हॉर्निमन सर्कल : मुंबईच्या फोर्टातील निवांत बाग

वाशीम-पुसद रस्त्यावरील अनसिंग हे शृंगऋषींच्या देवस्थानामुळे परिसरात ओळखले जाणारे गाव. अशा गावात बसायला बाग लागत नाही. देवळाचा ओटा असतो, वडाचा पार असतो आणि गाव संपले की शिवार सुरू होते. मोकळी जागा मुद्दाम राखावी लागते, हे गावात सहसा कुणाच्या ध्यानीही येत नाही. महानगरात मात्र परिस्थिती नेमकी उलटी असते. तेथे दहा मिनिटे फुकट आणि स्वस्थ टेकता येईल अशी सावली कुणीतरी, केव्हातरी, विकण्याचा मोह टाळून मागे ठेवलेली असावी लागते.

मुंबईच्या फोर्ट भागातील हॉर्निमन सर्कलची बाग ही अशी मागे ठेवलेली जागा आहे. तिचे क्षेत्रफळ १२ हजार चौरस यार्डांच्या आसपास, म्हणजे सुमारे अडीच एकर, एक हेक्टर. सरकारी कृषिगणनेत एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याला ‘अत्यल्पभूधारक’ म्हणतात. वऱ्हाडातील एका अत्यल्पभूधारकाच्या शेताएवढा हा तुकडा रिझर्व्ह बँक, टांकसाळ आणि जुन्या व्यापारी पेढ्या यांच्यामध्ये दीडशे वर्षांहून अधिक काळ मोकळा राहिला आहे. तो कसा राहिला, हा या बागेच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय. त्या इतिहासात कापूस असल्यामुळे वऱ्हाडातील वाचकाला तो काहीसा जवळचाही वाटेल.

कापसाच्या ढिगांचे मैदान

इंग्रजांच्या काळातील मुंबई ही मुळात तटबंदीच्या आतील वस्ती होती. आजचे ‘फोर्ट’ हे नाव त्या किल्ल्यावरूनच आले. या किल्ल्याच्या मध्यभागी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोठे मैदान होते. त्याच्या पश्चिमेला १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च उभे होते. कर्नल थॉमस कौपर यांच्या आराखड्यानुसार बांधलेला टाऊन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला आणि मैदानाच्या पूर्वेला उंच पायऱ्यांची व भव्य खांबांची इमारत आली.

या मैदानावर कापसाचा बाजार भरे. गलबतांतून उतरलेल्या गासड्या येथे रचल्या जात, फोडून पाहिल्या जात, सौदे होत. हा कापूस मुख्यतः गुजरातेतून समुद्रमार्गे येई. भर वस्तीतील हा ज्वालाग्राही माल धोक्याचा आणि गैरसोयीचा ठरू लागल्याने १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला. विसाव्या शतकात तो पुढे शिवडीकडे गेला. हार्बर मार्गावरील ‘कॉटन ग्रीन’ या रेल्वे स्थानकाच्या नावातील ‘ग्रीन’ हा या जुन्या मैदानाचाच दूरचा वारसा आहे.

कापूस गेला आणि मैदान ओस पडले. कचरा, धूळ व मोडके सामान यांनी ते भरून गेले. तथापि या मैदानाच्या परिसरात आणखी एका व्यवहाराने मूळ धरले. १८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली काही दलाल समभागांची खरेदी-विक्री करीत. त्यांची संख्या वाढत गेली, जागा बदलत गेल्या आणि १८७५ मध्ये त्यांची रीतसर संघटना स्थापन झाली. मुंबई शेअर बाजाराचा उगम तो हाच. देशाच्या भांडवल बाजाराची पहिली कचेरी म्हणजे एका वडाचा पार होता, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरणार नाही.

कडा विकल्या, मध्य राखला

या ओसाड मैदानाचे रूपांतर करण्याची कल्पना चार्ल्स फोर्जेट या अधिकाऱ्याची. फोर्जेट हे मुंबईचे पोलिसप्रमुख होते आणि तत्कालीन त्रिसदस्य पालिका आयुक्तांपैकीही एक होते. भारतातच वाढलेल्या या अधिकाऱ्याला येथील भाषा चांगल्या अवगत होत्या. १८५७ मध्ये मुंबईतील शिपायांच्या उठावाचा बेत त्यांनीच उघडकीस आणला होता. मैदानाचे वर्तुळ करावे, वर्तुळाच्या कडेने एकसारख्या इमारती उभाराव्यात आणि मधोमध बाग करावी, अशी त्यांची योजना होती. तिला गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी आणि नंतर १८६२ मध्ये गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रिअर यांनी पाठिंबा दिला. नव्या चौकाला ‘एल्फिन्स्टन सर्कल’ असे नाव मिळाले.

या योजनेचा आर्थिक भाग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. पालिकेने संपूर्ण जागा ताब्यात घेतली, कडेच्या जमिनीचे भूखंड पाडले आणि ते व्यापारी पेढ्यांना विकले. या विक्रीतून पालिकेला मोठा नफा झाला. भूखंड घेणाऱ्यांनी कशा इमारती बांधायच्या, हेही ठरलेले होते. त्यामुळे बागेभोवतालच्या इमारतींचे दर्शनी भाग आजही एकाच कमानीत वळल्यासारखे दिसतात. पदपथ इमारतींच्या तळमजल्यावरील कमानींखालून जातो. परिणामी ऊन असो वा पाऊस, पादचाऱ्याला आडोसा मिळतो.

मधली जागाही विकली असती तर नफा आणखी वाढला असता. ती विकली गेली नाही. तेथे झाडे लावण्यात आली, पायवाटा आखण्यात आल्या, भोवती लोखंडी कठडा घालण्यात आला. १८७२ मध्ये बाग पूर्णत्वास गेली. संध्याकाळी येथे बँड वाजे आणि फोर्टातील पारशी कुटुंबे हवा खाण्यासाठी येत. कडा विकून मध्य राखण्याचा हा निर्णय नसता, तर आज तेथे आणखी चार-पाच इमारती दिसल्या असत्या आणि तेथे कधी मैदान होते, हे सांगावे लागले असते.

वऱ्हाडाचा धागा

एल्फिन्स्टन सर्कलच्या बांधणीचा काळ आणि मुंबईतील कापसाच्या तेजीचा काळ एकच आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. भारतीय कापसाला मागणी आली, भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. फ्रिअर यांनी याच सुमारास किल्ल्याचे तट पाडण्याचा निर्णय घेतला. शहर तटाबाहेर पसरू लागले. समभागांचा सट्टा वेड लागल्यागत वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि अनेक योजना कागदावरच राहिल्या. बाग मात्र तेजी-मंदीच्या त्या वावटळीतून तरून गेली.

तेजीच्या काळात कापसाच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली होती. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता. आजचा वाशीम जिल्हा त्या प्रांताचा भाग होता. इंग्रजी दप्तरात ‘बासीम’ या नावाने त्याचा स्वतंत्र जिल्हाही होता. तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. रेल्वे येण्यापूर्वी या मुलखातील मालाची ने-आण बैलगाड्या आणि लमाणांचे बैलांचे तांडे करीत. वाटेत कापूस पावसात भिजे, धुळीने माखे. १८६७ मध्ये भुसावळहून वऱ्हाडमार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बंदराशी जोडला गेला.

त्यामुळे हॉर्निमन सर्कलच्या मैदानावर वऱ्हाडचा कापूस रचला जात होता, असे म्हणणे चुकीचे ठरेल. वऱ्हाडला रेल्वे पोचण्यापूर्वीच बाजार तेथून उठला होता. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या व्यापाराने फोर्टातील पेढ्या पोसल्या, त्यात काळ्या मातीतील या पिकाचा वाटा मोठा होता. वाशीम परिसरात आज सोयाबीनने कापसाची बरीच जागा घेतली आहे. तरीही या बागेतून भोवतालच्या कमानी पाहताना, या दगडांमागे कुठल्या मुलखाचे कष्ट आहेत, हे वऱ्हाडी माणसाने विसरू नये.

नाव एका संपादकाचे

ज्या बागेला गव्हर्नराचे नाव होते, तिला १९४७ मध्ये एका वृत्तपत्र संपादकाचे नाव देण्यात आले. बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये काम केल्यानंतर ते मुंबईत आले आणि सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये सुरू केलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक झाले. इंग्रज असूनही त्यांनी भारतीयांच्या राजकीय हक्कांची बाजू घेतली. होमरूल चळवळीला पाठिंबा दिला. रौलट कायद्याविरोधात स्थापन झालेल्या सत्याग्रह सभेचे ते उपाध्यक्ष होते.

१९१९ च्या एप्रिलमध्ये पंजाबातील दडपशाहीच्या काळात सरकारने त्यांना भारतातून हद्दपार करून इंग्लंडला पाठविले. इंग्लंडमध्येही त्यांनी अमृतसरच्या हत्याकांडाविरोधात लेखन केले. १९२६ मध्ये ते भारतात परतले आणि पुन्हा पत्रकारितेत उतरले. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. बागेच्या नव्या नावामुळे एक वेगळाच योग जुळून आला आहे. १८५७ चा बेत मोडणाऱ्या अधिकाऱ्याने आखलेल्या चौकाला, राज्यकर्त्यांच्या देशातूनच आलेल्या पण भारतीयांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पत्रकाराचे नाव मिळाले.

वृत्तपत्रांशी या चौकाचे नाते एवढ्यावर संपत नाही. १ जुलै १८२२ रोजी फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेले आणि आजही प्रसिद्ध होणारे ‘मुंबई समाचार’ हे गुजराती वृत्तपत्र याच परिसरातील तांबड्या इमारतीत आहे. ती ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांचे नाव आहे. हॉर्निमन यांच्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’ची संपादकीय धुरा दीर्घकाळ सांभाळणारे ते हेच ब्रेलवी.

बागेत काय आहे?

खरे म्हणजे बागेत ‘पाहण्यासारखे’ फारसे काही नाही आणि तेच तिचे वैशिष्ट्य आहे. जुने, पसरलेले वृक्ष, त्यांखालील पायवाटा, बाके, मधोमध कारंजासाठी राखलेली जागा आणि भोवतालचा कठडा, एवढाच तिचा पसारा. खेळण्यांचे पाळणे, प्राणिसंग्रहालय किंवा झगमगीत रोषणाई यांसाठी येथे कुणी येत नाही. जवळच्या कचेऱ्यांतील कर्मचारी दुपारी डबा घेऊन येतात. कुणी वर्तमानपत्र वाचतो, कुणी बाकावर डुलकी काढतो. कठड्याबाहेर टॅक्सी व मोटारी वर्तुळात फिरत असतात. आत आल्यावर तो आवाज झाडांमुळे बराच बोथट होतो.

बागेत वेळोवेळी सांस्कृतिक कार्यक्रमही झाले आहेत. सूफी, भक्ती व लोकसंगीताच्या ‘रुहानियत’ महोत्सवाच्या मैफली तसेच काळा घोडा कला महोत्सवातील काही कार्यक्रम येथील झाडांखाली रंगले आहेत.

बागेच्या कडेच्या एल्फिन्स्टन इमारतीत २०१२ मध्ये ‘स्टारबक्स’ या अमेरिकी कॉफी साखळीचे भारतातील पहिले दालन उघडले. तेथे बसायचे तर कॉफी घ्यावी लागते आणि समोरच्या बागेत बसण्यासाठी काहीच घ्यावे लागत नाही. शहरातील सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी रस्त्याच्या या दोन बाजू पुरेशा आहेत. खिशात पैसे असणाऱ्याला महानगरात बसण्यासाठी पुष्कळ जागा मिळतात. कुणा आप्ताच्या उपचारासाठी, मुलाखतीसाठी किंवा मंत्रालयातील कामासाठी दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला दोन कामांमधील तीन तास कोठे काढावेत, हा प्रश्न पडतो. त्याच्यासाठी असे बाक ही चैन नसून गरज असते.

कसे जावे?

वाशीम जिल्ह्यातील प्रवाशांना अकोल्याहून मुंबईची गाडी मिळते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून तसेच चर्चगेट स्थानकापासून ही बाग पायी सुमारे पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालेल्या भुयारी मेट्रो ३ मार्गिकेवरील हुतात्मा चौक हे स्थानकही सोयीचे आहे.

हुतात्मा चौकातून वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे चालू लागावे. डाव्या हाताला सेंट थॉमस कॅथीड्रल लागते. त्यापुढे कमानींच्या वळणदार इमारती आणि त्यांच्या मध्ये बाग दिसते. समोर टाऊन हॉलच्या पायऱ्या आहेत. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची परंपरा सांगणारी एशियाटिक सोसायटी आणि तिचे ग्रंथालय याच इमारतीत आहे. चर्च, बाग आणि ग्रंथालय अशा तीन शांत जागा काही मिनिटांच्या अंतरात आहेत.

प्रवेशासाठी शुल्क नाही. बाग दिवसभर अखंड उघडी असतेच असे नाही. त्यामुळे प्रवेशद्वारावरील फलक पाहून घ्यावा. कामाच्या दिवशी दुपारी बाके भरलेली असतात. फोर्टातील कचेऱ्या बंद असल्याने रविवारी सकाळी परिसर सर्वाधिक शांत असतो. कमानींखालून एक फेरी मारून मग बागेत शिरल्यास चौकाची मूळ रचना चांगली कळते. पावसाळ्यात झाडे भरात असतात, परंतु बाके ओली मिळण्याची तयारी ठेवावी.

लहान गावांसाठी धडा

बाग ही मोठ्या शहराची बाब आहे, असे समजून हा विषय सोडून देता येणार नाही. तालुक्याची गावे आणि मोठी खेडी आज रस्त्यांच्या कडेने वाढत आहेत. शेतजमिनी अकृषक होतात, भूखंड पडतात, घरे उभी राहतात. मोकळ्या जागेची किंमत कळेपर्यंत ती शिल्लक राहत नाही, हा सर्व वाढत्या गावांचा अनुभव आहे.

कायद्यात यासाठी काही तरतुदी आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात बागा व मैदानांसाठी जागा आरक्षित करता येतात. मात्र याच कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या विहित मुदतीतही कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते. नकाशावर हिरवा रंग भरल्याने बाग होत नाही, हे या कलमावरून स्पष्ट व्हावे. २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश नियोजन क्षेत्रांसाठी लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे भूखंड पाडताना साधारणतः १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. वऱ्हाडी हिशेबाने ०.४ हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर. एका एकरामागे चार गुंठे मोकळे राहिले, तर तेथे पाच-सहा झाडे आणि दोन बाके सहज मावतात. प्रश्न उरतो तो ही जागा खरोखर मोकळी राहते का, तिला वाट असते का आणि झाडांना पहिली तीन वर्षे कुणी पाणी घालते का, एवढाच.

मुंबईच्या पालिकेने १८६० च्या दशकात कडा विकल्या आणि मध्य राखला. त्या वेळी तो मध्य म्हणजे कचऱ्याने भरलेले मैदान होते. त्याची सावली पडायला पुढे काही दशके जावी लागली. ज्यांनी तो राखला, त्यांना ती सावली पाहायला मिळाली नाही. अनसिंगसारख्या गावात आज जो पार आहे, तोही असाच कुणीतरी बांधलेला आणि त्यावरचा वड कुणीतरी लावलेला आहे.